मुकादमीण आणि लाल औषध

आमच्या गल्लीत असा एकही गुडघा नसेल, ज्याला माझ्या सासऱ्यांनी लाल औषध लावलेलं नाही. उभी हयात त्यांनी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढली. डॉक्टर थकले, दवाखान्याला कुलूप लागलं, पण लोक काही थांबले नाहीत. कुणाला खिळा लागला, कुणाची पोरगी सायकलवरून पडली, की आले आमच्या ओट्यावर. मग बाबा पत्र्याची पेटी काढणार, चिमट्यात कापसाचा बोळा धरणार, बाटलीत बुडवणार आणि ऐसपैस रंगवणार. जखम नखाएवढी असली तरी औषध तळहाताएवढं. वर "संध्याकाळपर्यंत पळायला लागशील" हे ठरलेलं वाक्य. हाताला गुण आहे म्हणतात लोक. ते ऐकलं की बाबा "छे, छे" करतात आणि दिवसभर खुशीत असतात. मला त्यांचं कौतुक आहे, आणि वैतागही आहे. त्यांच्यापायी घरातल्या एकाही टॉवेलाचा रंग धड राहिलेला नाही.

ओट्यावर बाबांचं राज्य, तर मागच्या अंगणात आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. तिथे त्यांचं खुराडं आणि त्यांच्या कोंबड्या. या कळपाची मालकीण म्हणजे एक काळसर तांबडी, जाड मानेची कोंबडी. पाण्याच्या पसरट भांड्याला पहिली चोच तिची. संध्याकाळी खुराड्यातल्या दांडीवर कोण कुठे बसणार, हेही तीच ठरवायची. माझ्या नवऱ्यानं तिचं नाव मुकादमीण ठेवलं, कारण सगळ्यांवर नजर ठेवायची आणि स्वतः अंडं मात्र मनात आलं तरच द्यायचं. पण आईंचा तिच्यावर फार जीव. आई अंगणात बसून धान्य निवडायला लागल्या की ती येऊन त्यांच्या पायाला टेकून बसायची. आई तिच्याशी बोलायच्या. आमच्याशी बोलत नाहीत इतकं बोलायच्या.

आत्याबाई आल्या आणि गाडी घसरली. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. घरमालकानं खोल्या परत मागितल्या, तेव्हा बाबा जाऊन त्यांना घेऊन आले. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि झाकणाची एक टोपली. टोपलीत तलंगा होत्या. तलंग म्हणजे अजून अंडी न देणारी, वयात येऊ घातलेली कोंबडी. आत्याबाईंनी त्या पिल्लं असल्यापासून खोक्यात दिव्याखाली ऊब देऊन वाढवलेल्या. त्यांत एक पांढरीशुभ्र होती, पायांवर पिसं असलेली, मोजे घातल्यासारखी. तिला त्या मोजेवाली म्हणायच्या. उतरल्या उतरल्या त्यांनी स्वतः पाणी प्यायच्या आधी टोपलीचं झाकण उघडून तिला पाणी दाखवलं.

"वन्सं, तलंगांची काळजी करू नका," आई म्हणाल्या. "पण लगेच सोडायच्या नाहीत हं. जुन्या फाडून खातील."

आईंची याची एक पद्धत आहे. अंगणाच्या एका कोपऱ्याला जाळी लावायची आणि नव्या कोंबड्या जाळीआड ठेवायच्या. दोन्हीकडच्यांनी एकमेकींना बघायचं, हुंगायचं, शिव्या घालायच्या, पण चोच पोचता कामा नये. जुन्यांना कंटाळा आला आणि त्या जाळीकडे पाठ करून माती उकरायला लागल्या, की समजायचं आता जमेल. मग एका संध्याकाळी जुन्या दांडीवर चढून पेंगायला लागल्या की नव्यांना अलगद मधेमधे बसवायचं. सकाळी उठल्यावर शेजारीण आधीपासूनच इथली आहे असं त्यांना वाटतं. निदान भांडायचा जोर तरी निम्मा होतो.

घरातही तेव्हा जाळीच लागलेली होती म्हणा ना. आत्याबाईंना चहात साखर जास्त लागायची आणि आईंचा हात आखडता. आत्याबाई भांडी पालथी घालायच्या, आई उताणी. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं, पण डबे जरा जास्तच आवाज करून बंद व्हायचे. बाबा मधल्या खोलीत पेपर घेऊन बसायचे आणि दोन्हीकडून काही ऐकू आलं की पान उलटायचे. मला म्हणाले, "होईल गं हळूहळू." मी म्हटलं, "होईल, पण तुम्हीही जरा हातभार लावा." त्यांनी पान उलटलं.

तलंगांचं मात्र रीतसर चाललं होतं. आईंनी त्यांना दांडीवर बसवलं त्या संध्याकाळी आत्याबाई जवळ उभ्या होत्या, एकेक तलंग त्यांच्या हातात देत होत्या. खुराड्याचं दार लावून दोघी आत आल्या त्या चक्क बोलत बोलत. दुसऱ्या दिवशी टोचाटोची झाली, पण वाजवीच. मुकादमीण प्रत्येक तलंगेच्या मागे एकदा धावली, एकेक टोला दिला आणि हजेरी घेऊन झाल्यासारखी निघून गेली. आई म्हणाल्या, "झालं. हिनं घेतलं पदरात."

त्यानंतर एका सकाळी मोजेवालीच्या शेपटीच्या वर जरासं खरचटलेलं दिसलं. कुणी टोचलं की जाळीची तार लागली, देव जाणे. रक्ताचा टिपूस होता. आत्याबाईंचा जीव वरखाली झाला. आणि बाबांना काय, संधीच. पेटी आली, चिमटा आला, बोळा आला. मोजेवालीला मांडीवर घेऊन त्यांनी त्या एवढ्याशा ओरखड्याभोवती पांढऱ्या पिसांवर चांगला तळहाताएवढा लाल डाग केला. औषध ओघळून एक रेघ पायावरच्या पिसांपर्यंत गेली. "संध्याकाळपर्यंत पळायला लागेल बघ ताई," बाबा म्हणाले. आत्याबाई हसल्या. मी ऑफिसला निघाले होते, पायात चपला सरकवता सरकवता मी ते पाहिलं. आई म्हणाल्या, "हिला आज जाळीआडच राहू द्या. रक्त दिसलं की बाकीच्या सोडत नाहीत." बाबा म्हणाले, "रक्त कुठे आहे आता? औषध लावलंय." आई म्हणाल्या, "तरी राहू द्या."

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा मोजेवालीला परसात पुरून झालं होतं.

मला जे सांगण्यात आलं ते असं. दुपारी आई आणि आत्याबाई दोघी मिळून बाजारात गेल्या होत्या. दोघी मिळून बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ. परत येऊन बघतात तर मोजेवाली अंगणात मरून पडलेली, आणि शेजारी मुकादमीण उभी, चोच लाल. जाळीचं दार नीट बसलं नसावं, असं बाबा म्हणाले. आत्याबाईंनी विचारलं, "हिनंच ना?" आणि बाबा म्हणाले, "तीच पुढे असते नेहमी."

एवढंच. एवढं एक वाक्य.

आत्याबाई रडल्या नाहीत, त्याचंच जास्त भय वाटलं. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. आई त्यांच्या उशाशी जाऊन बसायच्या, पाणी विचारायच्या, चहात न सांगता साखर जास्त घालायच्या. आत्याबाई "नको" म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतले कपडे काढून पुन्हा घड्या घालायला घेतले. म्हणाल्या, "कुठेतरी एखादी खोली बघते. या वयात दुसऱ्याच्या अंगणात कशाला पाय ठेवायचा? जिचं अंगण तिची सत्ता." आईंचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या सासूबाई कुणापुढे नमतं घेणाऱ्या नाहीत, मला विचारा. पण त्या त्या दिवशी आत्याबाईंच्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, माझ्या कोंबडीचं चुकलं. मी तिला घरात ठेवत नाही. पण तुम्ही जाऊ नका."

आणि खरंच ठेवली नाही. एका पिशवीत मुकादमीण घातली, तिचं डोकं बाहेर काढलं, आणि स्वतः चालत गिरणीवाल्याकडे नेऊन दिली. त्याच्याकडून आम्ही कोंबड्यांसाठी कण्या आणतो, त्याच्याही गिरणीमागे दोनचार कोंबड्या असतात. त्यानं विचारलं, "पाळू की कापू?" आई म्हणाल्या, "तुमची आहे आता." घरी येऊन त्या मोरीत हात धूत राहिल्या. नळ वाहत होता, हात धुऊन होत नव्हते. बाबा मधल्या खोलीत बसून ते बघत होते. मला राग आला तो आत्याबाईंचा. एका तलंगेसाठी एवढं? मी माझ्या खोलीत जाऊन चडफडले. माझा राग चुकीच्या दारावर धडका देत होता, हे मला तेव्हा कुठलं कळायला.

कळलं ते सुतारामुळे. आमच्या शेजारचा सुतार पटाशी लागून अंगठा धरून आला. ओट्यावर रक्ताचे थेंब. बाबांनी पेटी उघडली, बोळा चिमट्यात धरला, बाटलीचं बूच काढलं आणि तसेच बसून राहिले. मग बूच परत लावून म्हणाले, "तू मोठ्या दवाखान्यात जा." सुतार म्हणाला, "काका, एवढ्याशाला?" बाबा म्हणाले, "जा म्हटलं ना." सुताराला वाटलं काका आपल्यावर रागावले. तो मलाच विचारायला लागला की वहिनी, माझं काय चुकलं. मी त्याच्या अंगठ्याला स्वच्छ चिंधी बांधून दिली आणि आत आले.

"बाबा, काय झालंय?"

"कुठे काय."

"तुम्ही माणूस परत पाठवलात. डॉक्टरांना ताप होता तेव्हासुद्धा तुम्ही कुणाला परत पाठवलं नव्हतं, असं तुम्हीच सांगता."

ते पेटीच्या कडीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "दार नीट बसलेलं होतं. मी उघडलं."

मग सगळं बाहेर आलं. दोघी हसत बोलत बाजाराला निघाल्या हे बघून त्यांना फार बरं वाटलं होतं. मोजेवाली जाळीआड एकटीच ओरडत होती. त्यांना वाटलं, हिला आज वेगळं ठेवलं तर झालेली ओळख मोडेल, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यापेक्षा दोघी परत येतील तेव्हा ही सगळ्यांत मिसळून चरताना दिसू दे, दोघी खूश होतील. जखमेला तर औषध लावलेलंच होतं. म्हणून त्यांनी तिला उचलून कळपात सोडलं आणि आत येऊन जरा आडवे झाले. डोळा लागला. गलका ऐकून बाहेर आले तोवर उशीर झाला होता. त्यांनी बाकीच्या हाकलल्या, मुकादमीण तेवढी हलली नाही, आणि तेवढ्यात दोघी परत आल्या.

"सगळ्या तुटून पडल्या होत्या गं," बाबा म्हणाले. "एकटी मुकादमीण नव्हे. सगळ्या. ताईच्या बाकीच्या तलंगासुद्धा. आणि टोचलं होतं कुठे, तर मी जिथे जिथे औषध लावलं तिथे. तो ओघळ पायापर्यंत गेला होता ना, तर त्या ओघळाबरहुकूम टोचत गेल्या होत्या. डागाच्या बाहेर एक पीस हललेलं नव्हतं."

सगळा जन्म ज्यांनी लाल औषध लावलं, त्यांच्या लेखी लाल म्हणजे बरं होणारं. कोंबडीच्या लेखी लाल म्हणजे रक्त. आई रक्ताचं सांगून गेल्या होत्या, आणि बाबांना आपल्या बोळ्याचा लाल डाग रक्तासारखा दिसू शकतो हे सुचलंच नव्हतं. दुसरं कुणीही असतं तर तिला तसंच सोडलं असतं, आणि तो ओरखडा पिसांखाली झाकून गेला असता. चूक करायलासुद्धा एवढी वर्षं कंपाउंडर असावं लागलं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. ताईनं विचारलं हिनंच ना, आणि तोंडातून ते वाक्य गेलं. मग वाटलं, कोंबडी आहे, तिला काय कळतंय, तिच्यावर गेलं तर गेलं. माझ्या हातानं कुणी मेलेलं नाही गं आजवर." त्यांनी डोळे पुसले. "आता तू सांग ना दोघींना. तू नीट सांगशील."

"नाही. माझं तोंड उसनं मिळणार नाही," मी म्हटलं. सासऱ्यांशी मी असं कधी बोलत नाही. पण बोलले, आणि बरं केलं.

त्यांनी सांगितलं. दोघी स्वयंपाकघरात होत्या तिथे जाऊन, उंबऱ्यातच उभं राहून, दवाखान्यात रोग्याची हकिगत डॉक्टरांना सांगायचे तसं खाली बघून सगळं सांगितलं. दार उघडल्याचं, औषधाचं, आणि त्या वाक्याचं. काही लपवलं नाही.

आत्याबाई आधी हबकल्या. मग म्हणाल्या, "अरे बाळ, पिल्लू गेलं त्याचं मी बघितलं असतं. तू मला वहिनींशी काय वागायला लावलंस?" आणि आईंचा हात धरून त्या रडल्या. मोजेवालीसाठी रडल्या नव्हत्या तेवढ्या रडल्या. आई बाबांकडे बघतही नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "गिरणी बंद व्हायच्या आत जाऊन या."

बाबा चपलासुद्धा न घालता धावले. मीही मागोमाग गेले, कारण त्यांचा दम मला ठाऊक आहे. गिरणीवाला पिठानं पांढरा होऊन दारात उभा होता. "दिलेलं परत मागतात का कुणी, कंपाउंडर?" म्हणून त्यानं चेष्टा केली, पण बाबांचा चेहरा बघून दारातून बाजूला झाला. मुकादमीण जिवंत होती. त्याच्या कोंबड्यांनी तिला जवळ येऊ दिलं नव्हतं, म्हणून पोत्यांच्या एका थप्पीमागे पायाला दोरी बांधून ठेवली होती. अंगभर पिठाची धूळ, तुऱ्याला जखम. बाबा तिला छातीशी धरून सगळ्या गल्लीतून चालत आले. ओट्यावरून कुणीतरी विचारलं, "काका, पेशंट का?" बाबा तसेच पुढे चालत राहिले.

मला वाटलं होतं, आता ती अंगणात उतरेल, सगळ्या बाजूला होतील, पाण्याला पहिली चोच तिची लागेल. तसं काही झालं नाही. ती नव्हती तेवढ्यात कळपानं आपलं आपलं ठरवून टाकलं होतं. एक भुरी कोंबडी, जी मुकादमिणीच्या समोर कधी मान वर करत नसे, ती पिसं फुलवून धावून आली, आणि तिच्या मागून बाकीच्या. मुकादमीण एकदा उभी राहिली. मग पळाली, आणि बादलीमागे भिंतीत डोकं खुपसून बसली. आईंच्या तोंडून "अगं बाई गं" एवढंच निघालं. त्यांनी जाऊन तिला उचललं आणि जाळीआड ठेवलं, जिथे महिन्याभरापूर्वी टोपलीतल्या तलंगा ठेवल्या होत्या.

बाबा पेटी घेऊन आले. हात सवयीनं लाल बाटलीकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. पेटीच्या तळाशी तोंड आलेल्यांना लावायचं निळं औषध होतं, ते त्यांनी बाहेर काढलं. आईंनी बाटली त्यांच्या हातून काढून घेतली. "राहू द्या. मी लावते." तुऱ्यावर जेवढी जखम तेवढंच त्यांनी लावलं. आत्याबाईंनी कोंबडीची मान धरली होती. दोघींच्या बोटांना निळं लागलं.

बाबा जाळीपाशी उकिडवे बसून राहिले. "पुन्हा घेतील ना तिला?" त्यांनी विचारलं.

"घेतील. पहिली नाही, पण कुठेतरी मधे घेतील," आई म्हणाल्या.

"चुकलो मी."

"कोंबडीच्या बाबतीत चुकलात, ते मी धरून बसणार नाही. तुम्ही बऱ्याकरताच सोडलंत तिला." आईंनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "पण मी वन्संच्या पायाशी बसले होते, माझ्या कोंबडीचं चुकलं म्हणत होते, तेव्हा तुम्ही तिथेच खुर्चीवर होतात."

"हो."

"चहा पीत होतात. बशीत ओतून, फुंकर मारून मारून."

बाबांनी मान खाली घातली. आत्याबाई उठून आत गेल्या, मीही गेले. तिथे आमचं काही काम नव्हतं.

मुकादमिणीला कळपानं घेतलं. आई म्हणाल्या तसं, मधेच कुठेतरी. आत्याबाईंची ट्रंक पलंगाखाली गेली. ओट्यावर लोक येतात, बाबा पुन्हा पेटी उघडतात, औषध लावतात, जखमेपुरतंच लावतात. आई त्यांच्याशी बोलायला लागल्या, आधी कामापुरतं, मग नेहमीसारखं. बशी मात्र बाबांनी सोडली. रोज मी कपाखाली बशी ठेवून चहा देते, आणि ते बशी बाजूला सारून, तोंड भाजत, कपानंच पितात.